कौतिकाआत्या आणि धुण्याची मशीन

दिवाळी उलटली की बालाघाटच्या हवेत धानाची धूळ उतरते. राइस मिलकडे निघालेले ट्रॅक्टर दिवसभर घरासमोरून जात राहतात, पोत्यांतून बारीक कोंडा उडतो आणि दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर जाऊन बसतो. संध्याकाळी घड्या घालताना हाताला खाज सुटते. माझी सून या दिवसांत दरवर्षी वैतागते. "मम्मी, ये तो फिर से धोना पड़ेगा," म्हणते आणि सगळा ढीग परत मशीनमध्ये कोंबते. मशीन गाणं वाजवून सुरू होते. मी तिथून उठून पुढच्या खोलीत जाते. सुनेला वाटतं, सासूला आवाज सहन होत नाही. तिला तसं वाटू देणं बरं.

यंदा नातवाने मोबाइलवर एक फोटो दाखवला. कुठल्याशा शहरात कोणी जुन्या काळच्या कपडे धुण्याच्या मशिनी गोळा करतो म्हणे. तीन लोखंडी पाय, त्यावर तांब्याचं पिंप, कडेला मागे-पुढे करायचा दांडा, आणि वर एकावर एक बसवलेले दोन रबरी रूळ. पिंपात त्या माणसाने मनीप्लांट लावला होता. "क्यूट है ना, आजी?" नातू म्हणाला. मी फोन त्याच्या हातात परत दिला. त्याला काय सांगणार? की असलीच एक आमच्या परसात उभी होती, मी तिचा दांडा ओढला आहे, आणि तिच्यात कपड्यांबरोबर एक माणूस पिळून निघालं?

ती आली तेव्हा मी चौथीत होते. साल साठ-बासष्टच्या आसपासचं. माझे बाबा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. मँगनीजच्या खाणीवरच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्याचं काम त्यांनी कधी पाहिलं होतं. तो साहेब कायमचा आपल्या देशी निघाला आणि जाताना कोणाला खुर्ची, कोणाला कुत्रं, असं वाटत गेला. बाबांच्या वाट्याला मशीन आली. जीपच्या मागे बांधून ती आमच्या दारात उतरली तेव्हा अर्धा मोहल्ला जमा झाला होता. बाबांनी रुमालाने तांब्यावरची धूळ पुसली आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाले, "बाई, आता तुया हाताले आराम."

बाई म्हणजे कौतिकाआत्या. बाबांची मोठी बहीण. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती आमच्याकडे. बाबांचं लग्न व्हायच्या आधीपासून. म्हणजे माझी माय या घरात आली तेव्हा आत्या दारातच होती, अर्थात मागे उभी राहून, कारण पुढे होऊन ओवाळायचा हक्क तिचा राहिला नव्हता.

घरातलं धुणं आत्याचं. हे कोणी कधी ठरवलं, मला माहीत नाही. एरवी घरात धाकटा काका धरून आम्ही पाच माणसं, पण धानाच्या हंगामात वारासिवनीकडच्या आमच्या शेतावरून येणारी-जाणारी धरून दहा-बारा. कापणीचे, चुरणीचे म्हणजे मळणीचे कपडे, त्यांत नुसतं कुसळ. ते पाण्यात भिजवलं तरी सुटत नाही. धोतराच्या निऱ्यांत, पोलक्याच्या शिवणीत, लहान मुलांच्या गळपट्टीत ते रुतून बसतं. आत्या एकेक शिवण उलटी करून नखाने कुसळं काढायची. मग सोड्याच्या गरम पाण्यात उकळायची, दगडावर आपटायची, धोपाटण्याने बडवायची, तीन पाण्यांतून काढायची. बाबांच्या सदऱ्यांना भाताच्या पेजेची खळ. पांढऱ्याला नीळ. सगळं होईतो सूर्य डोक्यावर आलेला असायचा.

तिचे हात मला अजून दिसतात. बोटांची टोकं कायम सुरकुतलेली, पांढरी. थंडीत भेगा पडायच्या आणि सोडा लागला की त्यांतून रक्त यायचं. मग ती बोट तोंडात घालायची, थुंकायची आणि पुन्हा कपडा धरायची.

स्वयंपाकघरात आत्या गप्प असायची. काय शिजवायचं, कोणाला किती वाढायचं, हे मायचं राज्य. पण विहिरीजवळ तिचा आवाज वेगळा निघायचा. तिथून ती मायलाही ओरडून सांगायची, "वो वहिनी, भाऊच्या सदऱ्याच्या खिशात काय ठेवलं ते पाहून देत जा!" आणि माय निमूट येऊन खिसे तपासून जायची. दिवसातले ते तीन-चार तास या घरात तिचं चालायचं.

आणि तिला कपड्यांवरून सगळं समजायचं. काका बिडी ओढायला लागल्याचं तिला पहिल्यांदा समजलं. मला रात्री ताप येऊन गेला होता हे तिने माझ्या झग्याच्या पाठीवरून ओळखलं. माझ्या पाठीवर मायला एक मूल राहिलं होतं आणि तिसऱ्या महिन्यातच गेलं. घरात कोणाला, अगदी बाबांनासुद्धा, माय काही बोलली नव्हती. लुगडं तिने धुण्याच्या ढिगाच्या तळाशी दडवून ठेवलं होतं. आत्याने ते सगळ्यांच्या आधी उठून वेगळं धुतलं, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन मायच्या हातातलं उलथणं काढून घेतलं. "जाय, पड जराशी," एवढंच म्हणाली. पंधरा दिवस तिने मायला डिंकाचे लाडू करून घातले आणि घरच्यांना सांगितलं की तिची कंबर धरली आहे. हे सगळं मला पुढे मोठेपणी मायनेच सांगितलं. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला तेव्हा वाटलं, आपलं सगळं माहीत असलेलं माणूस रोज डोळ्यासमोर वावरत असणं मायला सोपं गेलं नसेल. उपकार करणाऱ्याने उपकाराचा उच्चार केला नाही की तो फिटतही नाही.

मशीन परसात बसली. बाबांनी तिच्याखाली फरशी टाकून घेतली. पिंपात गरम पाणी ओतायचं, साबण किसून टाकायचा, कपडे घालून झाकण लावायचं आणि दांडा ओढायचा. आत लाकडी पंखा डावीकडे-उजवीकडे फिरायचा आणि ताक घुसळल्यासारखा आवाज यायचा. मग कपड्याचं टोक दोन रुळांमध्ये द्यायचं, हँडल फिरवायचं, की पलीकडून कपडा पापडासारखा चपटा होऊन बाहेर यायचा. पाणी इकडे, कपडा तिकडे. मला वेड लागल्यासारखं झालं. शाळेतून आले की दप्तर फेकून मी त्या हँडलशी.

आत्याला ती जमली नाही. प्रयत्न तिने केला. पहिल्याच दिवशी तिने बाबांचा सदरा रुळांत घातला आणि चारही बटणं तडातडा फुटली. दुसऱ्या दिवशी तिच्या लुगड्याचा पदरच आत ओढला जायला लागला, मी हँडल सोडलं म्हणून ती वाचली. तिसऱ्या दिवशी तिने झाकण उघडलं आणि आत बघत राहिली. साबणाच्या फेसात सगळ्यांचे कपडे एकत्र गिरक्या घेत होते.

"काय पाहून राह्यली, आत्या?" मी विचारलं.

"याच्यात घातलं का कोनाचं काय होतं, तेच समजत नाही वो माय," ती म्हणाली. "कुसळ निघालं का नाही, तेबी हाताले लागत नाही."

खरं तर कुसळ निघत नव्हतंच. त्या मशिनीतून निघालेले कपडे आम्हाला चावायचे. माझ्या मानेवर चट्टे उठले. काका पाठ खाजवत फिरायचा. पण कोणी ते बोललं नाही. साहेबाची मशीन होती, लोक पाहायला येत होते, मायच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू आलं होतं. चावणारे कपडे आम्ही गुमान अंगात घातले.

हळूहळू माय आणि मी मशीन चालवायला लागलो. आत्या कपडे वाळत घालायची, एवढंच तिच्याकडे राहिलं. दहा वाजता तिचं काम संपायचं. मग ती कुठे बसावं ते न समजल्यासारखी ओसरीवरून परसात, परसातून ओसरीवर करायची. स्वयंपाकघरात गेली तर माय म्हणायची, "बाई, तुमी बसा ना, मी करते." हे प्रेमाने म्हटलेलं आहे की हाकललेलं, ते ऐकणाऱ्याला कळू नये असं म्हणायची माझ्या मायची एक पद्धत होती.

त्याच हंगामात काकाचं लग्न ठरलं. आमच्या घरात तीन खोल्या. मागच्या खोलीत आत्या आणि मी झोपायचो. नवीन जोडप्याला खोली लागणार होती. मी मायजवळ पुढे झोपले असते. प्रश्न आत्याचा होता, पण तसा तो कोणी तोंडाने विचारत नव्हतं.

आता ती दुपार. शेजारच्या वच्छलाबाई लालबर्ऱ्याहून आलेल्या आपल्या बहिणीला घेऊन मशीन दाखवायला आल्या होत्या. माय खुशीत होती. मी हँडल फिरवून दाखवत होते. चादर रुळांतून सरळ, सपाट बाहेर पडली तशी ती पाहुणी बाई तोंडावर हात ठेवून म्हणाली, "बापा! आता धुन्याले कोन लागते मंग?"

आणि मी म्हटलं, "कोनीच नाही लागत. आता आत्या नसली तरी चालते."

सगळ्या हसल्या. मायसुद्धा हसली. मला वाटलं मी काहीतरी फार हुशारीचं बोलले, म्हणून मी ते आणखी एकदा म्हटलं. मग माझं लक्ष दोरीकडे गेलं. आत्या तिथे वाळत घातलेल्या एका चादरीच्या पलीकडे होती. तिचे पाय दिसत होते. बराच वेळ ते पाय हलले नाहीत. नंतर तिचा हात चादरीच्या वर आला आणि तिने चिमटा लावला.

त्या वाक्यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. मुलं बोलतात, मोठी माणसं विसरतात, असं मला पुष्कळांनी सांगितलं. पण त्या वाक्याचं पुढे जे झालं ते मुलांनी केलेलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला मायने तेच वाक्य बाबांच्या पानात वाढलं. "लेकरूच म्हनून राह्यलं आता," ती हसत म्हणाली. "लेकराले दिसते ते खरं दिसते." दोन दिवसांनी पुन्हा तो विषय निघाला. आत्याच्या दिराचा निरोप आला होता, त्यांच्याकडे चुरणीला बाईमाणूस कमी पडत होतं. माय म्हणाली, "सासर हाय त्यांचं. हक्काची जागा हाय. इथं तरी त्यायले आता काय काम हाय? आराम म्हनून मशीन आनली, तं आरामच त्यायले खाऊन राह्यला." बाबांनी पाण्याचा गडू उचलला, ठेवला. म्हणाले, "बाईले विचारून पाहू."

विचारलं कोणी नाही. आत्यानेच एका सकाळी सांगितलं, "भाऊ, मी कटंगीकडे जाते म्हनते. दिराचा निरोप आला हाय."

बाबा म्हणाले, "जाय. मन नाही लागलं तं वापस ये."

मला आजही वाटतं, बाबांनी त्या वेळी, का जातेस म्हणून, "काहून?" एवढं एक विचारायला हवं होतं. एका शब्दात ती थांबली असती. पण बाबा भले माणूस होते, आणि भल्या माणसांना घरात भांडण नको असतं. बहिणीच्या हातांना आराम पडावा हे त्यांना मनापासून वाटलं होतं. ती बहीण राहावी यासाठी बायकोपुढे एक शब्द काढणं मात्र त्यांच्याकडून झालं नाही.

पौषात ती निघाली. निघण्याआधी मागच्या खोलीत ती आपली पेटी भरत होती. तीन लुगडी, एक चोळीचा खण, नवऱ्याचा एक जुना फेटा. मी दारात उभी होते. त्या दिवशी मी तिच्यावर रुसले होते, का ते आता आठवत नाही, काहीतरी क्षुल्लक असेल. तिने मान वर न करता विचारलं, "सुमन, तुले खरंच वाटते का वो, मी नसली तरी चालते?"

मी म्हटलं, "हौ."

तिने पेटीची कडी लावली. मग उठून आली, माझ्या केसांवरून हात फिरवला. "बरं," म्हणाली. बाबा तिला कटंगीच्या छोट्या रेल्वेगाडीत बसवून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मी जेवले. मला मागची खोली काकाचं लग्न होईपर्यंत एकटीला मिळणार होती.

काकाच्या लग्नाची पत्रिका आत्याला पोस्टाने गेली, घ्यायला कोणी गेलं नाही, आणि ती आली नाही. मशीन वैशाखापर्यंत चालली. आमच्याकडच्या उन्हात तिचे रबरी रूळ आधी कडक झाले, मग त्यांना चिरा गेल्या, आणि काकाच्या लग्नातल्या सतरंज्या पिळताना वरचा रूळ उभा फाटला. बाबांनी गोंदियाला, नागपूरला विचारलं. तसं रबर कुठे मिळालं नाही. सायकलची ट्यूब गुंडाळून पाहिली, तिचं काळं कपड्यांना लागलं. पुढे आतला पंखाही अडकला. पावसाळ्यात कोणीतरी तिच्या पिंपात बियाण्याचं धान ठेवलं, त्याला उंदीर लागले. काकाची बैहरला बदली झाली आणि तो बायकोला घेऊन तिकडे गेला. ज्या खोलीसाठी एवढं सगळं झालं, ती खोली भाद्रपदात रिकामी पडली होती.

मायने एक बाई लावली, ती टिकली नाही. मग माय स्वतः धुवायला लागली. तिला सवय नव्हती. आठवड्याभरात तिच्या हातांची सालं निघाली. दिवाळी झाली, कापणी लागली, कुसळाचे ढीग परसात पडायला लागले. एका संध्याकाळी हाताला तूप चोळत माय बाबांना म्हणाली, "बाईले घेऊन या. किती दिवस तिकडे राह्यतील? लोकं काय म्हनतील?"

बाबा ताबडतोब तयार झाले. मला वाटतं ते वर्षभर याचीच वाट पाहत होते, की कोणीतरी आपल्याला जा म्हणेल. मी हट्ट करून बरोबर गेले. छोट्या गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंनी धानाच्या पिवळ्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, दिसत होत्या, मध्ये मध्ये कापलेल्या धानाचे भारे. वारासिवनीच्या स्टेशनावर बाबांनी मला आणि स्वतःला चहा घेतला आणि एकदम म्हणाले, "बाईले जिलेबी आवडे. वापसीत घेऊ, बाई संग राहीनच."

आत्याच्या सासरचं गाव कटंगीपासून पायी तासाभरावर. ती खळ्यात होती. सुपाने धान वारवत होती. वाऱ्यात कोंडा तिच्याच अंगावर येत होता आणि तिने तोंडावर पदर बांधला होता. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं, पदर सोडला. वर्षात ती इतकी वाळली होती की आधी मला ती दुसरीच कोणी वाटली. तिने बाबांना तनसावर, धानाच्या पेंढ्यावर, बसायला फडकं टाकून दिलं, मला जवळ घेतलं. तिच्या अंगाला साबणाचा वास येत नव्हता.

बाबा आडून आडून बोलत राहिले. माय आठवण काढते. सुमन आठवण काढते. घर रिकामं वाटते. मागची खोली मोकळी झाली आहे.

आत्या ऐकत होती. मग तिने विचारलं, "मशीन कशी हाय?"

बाबा तनसाची काडी मोडायला लागले. "रबर गेलं तिचं. भेटत नाही कुठी."

"म्हनून आला का?"

"नाही बाई. तसं नाही."

"मंग संक्रांतीले काहून नाही आला?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "शिमग्याले नाही आला. राखीले मी दिवसभर वाट पाह्यली, ताट करून ठेवलं होतं. तवा तं लग्नाची गडबडबी सरली होती. मशीन चालू होती तवा याले पायजे होतं, भाऊ. तवा आला असता तं मी अनवानी आली असती."

बाबा रडायला लागले. मी बाबांना रडताना पहिल्यांदाच पाहत होते. आत्याने त्यांना रडू दिलं. पूर्वी ती असं करू देणारी नव्हती. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "इथं तरी तुले काय सुख हाय, बाई?"

"सुख नाही," ती म्हणाली. "पन इथं मले पक्कं मालूम हाय का मले कामासाठी ठेवलं हाय. तिथं मले वाटे, मी घरची हावो."

खळ्याच्या कडेला दिराची हाक आली तशी ती उठली. जाताना मी तिचा पदर धरला. वर्षभर मी जे बोलायचं ठरवत होते ते माझ्या तोंडून असं निघालं, "तू माह्यावर रागावली का आत्या?"

तिने माझ्या मानेवरचं एक कुसळ काढलं. "तू लहान होती," ती म्हणाली. "पन मी तं लहान नव्हती ना. मले तं समजत होतं सगळं."

त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. चार वर्षांनी पोस्टकार्ड आलं की कौतिकाबाई वारल्या, दिवस-कार्य उरकलं आहे. कशाने, ते लिहिलं नव्हतं. बाबा कार्ड घेऊन परसात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मायने आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. म्हातारपणी माय एकदा मला म्हणाली, "मी काही त्यायले जा नाही म्हटलं." ते खरं होतं. आमच्या घरात आत्याला जा असं कोणीच म्हटलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीने ती नसली तरी चालते असं म्हटलं, आणि बाकीच्यांनी तिला गाडीत बसवून दिलं. मी मायला उलट काही बोलले नाही. ती खाटेला खिळलेली होती, तिचे कपडे मीच धूत होते, आणि खरं सांगायचं तर तिला दुखवायला मला त्या वेळी फार सोपं गेलं असतं.

पण कटंगीहून परतल्याचा तो दिवस. वारासिवनीला गाडी थांबली, जिलेबीवाला खिडकीखालून ओरडत गेला, बाबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. मायने मागची खोली शेणाने सारवून ठेवली होती. खाटेवर धुतलेली वाकळ अंथरली होती. स्वयंपाकघरातून आत्याला आवडणाऱ्या वांग्याच्या भाजीचा वास येत होता. हे मला नोंदवून ठेवलं पाहिजे, कारण मायला आत्या खरंच हवी होती. कशासाठी हवी होती हे तिने स्वतःलाही विचारलं नसावं.

ती दारात आली. आमच्या मागे पाहिलं. "बाई?"

"नाही येत म्हनते," बाबा म्हणाले.

माय उंबऱ्यावर उभी राहिली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आता ही रडेल. तिने पदराने हात पुसले, सोललेले, लाल झालेले हात, आणि परसाकडे वळून पाहिलं. तिथे तीन दिवसांचे कपडे पडले होते, शेतावरून आलेले, कुसळांनी भरलेले.

"मंग आता हे धुनं कोन करन?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "मी."

बाबा ओसरीवर बसून चपला काढत होते. त्यांचा हात तसाच थांबला. मायने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. मी दहा वर्षांची होते, पाचवीत. त्या दिवसापासून माझं लग्न होईपर्यंत, आठ वर्षं, त्या घरातलं सगळं धुणं मी केलं.

मी वाट पाहिली. "नको" असं दोघांपैकी कोणीच म्हटलं नाही.